नळ बंद झाला की पाणी उलटं जातं: खालच्या ओळीतल्या हगवणीचं मूळ वरच्या ओळीच्या खड्ड्यांत

पैनगंगेकाठी (रविवार, रात्री ९.४०)

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. साडेतीनशे उंबरे, उतारावर वरची, मधली आणि खालची अशा घरांच्या ओळी, नदीच्या थडीला विहीर, शाळेमागच्या टेकाडावर १२ मीटर उंचीची टाकी. पाणी एक दिवसाआड, सकाळी तासभर. मी गावच्या पाणीपुरवठा समितीत आहे आणि दोन महिने या एकाच गोष्टीच्या मागे लागलो आहे.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात खालच्या ओळीत हगवण सुरू झाली. आधी दोन घरं, मग अकरा. चार वर्षांच्या एका पोराला तालुक्याला नेऊन सलाईन लावावं लागलं. सगळ्यांची नजर टाकीवर गेली. टाकी उपसून धुतली, टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) नवा डबा फोडला. ओटी (क्लोरीन तपासायचं औषध) टाकून पाहिलं तर टाकीखालच्या नळाला पिवळा रंग चांगला येत होता. एच-टू-एसच्या बाटल्या भरल्या, पाण्यात विष्ठेचे जंतू असले की त्या काळ्या पडतात. विहिरीची साफ, टाकीची साफ, खालच्या ओळीतल्या तीनपैकी दोन एका दिवसात काळ्याकुट्ट. म्हणजे घाण टाकी आणि नळ यांच्या मधेच कुठेतरी. पाईप फुटला असेल म्हणून तीन ठिकाणी खोदलं. पाईप धड होता.

मग एका सकाळी वरच्या ओळीत मित्राकडे बसलो होतो. त्याचा नळ अंगणातल्या खड्ड्यात आहे. विदर्भातल्या माणसाला हा खड्डा सांगायला नको: कमरेइतका खोल, दोन पायऱ्या, तळाला फरशी, फरशीवर शेवाळ. योजनेच्या वेळी ठेकेदाराने सिमेंटच्या खांबावर तोटी बसवून दिली होती. पाणी कमी येतं म्हणून वर्षा-दोन वर्षांनी एकेक फूट खाली नेत नेत लोक इथवर आले. तोटी केव्हाच गेली, आता नुसतं पाईपचं उघडं तोंड. भांडी विसळलेलं, पाय धुतलेलं, नालीतून झिरपलेलं पाणी तळाला साचतं आणि तोंड त्यात बुडलेलं असतं.

पाणी सुटायचं थांबलं. आम्ही बोलत होतो आणि खड्ड्यातून सूं सूं असा बारीक आवाज यायला लागला. वाकून पाहिलं. गढूळ पाण्यावर कडुनिंबाची दोन पानं होती, ती गोल फिरत पाईपच्या तोंडाकडे सरकली. एक तोंडाशी चिकटलं. बघता बघता खड्ड्यातलं पाणी चार बोटं खाली गेलं आणि फरशीवरचं शेवाळ उघडं पडलं. जमिनीत मुरत नव्हतं, कारण खाली फरशी. ते नळात जात होतं.

पुढच्या पाण्याला खात्री करून घेतली. तोंडाला हातभर नळी लावली, तिचं दुसरं टोक धुतलेल्या बादलीत, विहिरीच्या स्वच्छ पाण्यात बुडवलं. व्हॉल्व बंद झाल्यावर दहा मिनिटांत बादली अर्धी. नळीच्या तोंडावर तळहात धरला तर कातडी आत ओढली जाते.

वरच्या आणि मधल्या ओळीतले खड्डे आम्ही फिरून पाहिले. ज्यात पाईपचं तोंड पाण्यात बुडलेलं आहे असे एकोणचाळीस निघाले. त्या खड्ड्यांतली घाण पाणी बंद झाल्यावर लाईनीत शिरते, जवळजवळ दोन दिवस तिथेच बसते आणि पुढच्या पाण्याच्या पहिल्या धारेबरोबर खालच्या ओळीच्या हंड्यात उतरते. खड्डा वरच्याचा, आजारी पोरगं खालच्याचं. म्हणून इतके दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आता अडचण ही की खड्डे बुजवायला कोणी तयार नाही. प्रत्येक कनेक्शनला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) बसवला तर भागेल का? कोणी हे काम केलं असेल तर सांगा.

वर्धेपलीकडे (रविवार, रात्री १०.१५)

दादा, तुम्ही पाहिलं आहे म्हणजे खरंच असेल, पण उलगडा होत नाही. नळात प्रेशर असतं. बाहेरचं पाणी आत जाईल कसं?

पैनगंगेकाठी (रविवार, रात्री १०.३०)

प्रेशर व्हॉल्व उघडा आहे तोवर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, म्हणजे आमच्या टाकीच्या पायथ्याशी जेमतेम सव्वा किलो. व्हॉल्व बंद झाला की तेवढाही नाही. पण लाईन पाण्याने भरलेली असते आणि खालच्या ओळीचे नळ उघडेच असतात. तिथून पाणी गळत राहतं, ते खाली जाताना मागची जागा रिकामी होते, आणि ती जागा भरायला वरच्या नळांतून जे मिळेल ते आत येतं. तोंड उघड्यावर असेल तर हवा, खड्ड्यात बुडलेलं असेल तर खड्डा.

ट्रॅक्टरच्या टाकीतून नळी लावून डिझेल काढताना एकदा तोंडाने ओढावं लागतं, मग धार आपोआप चालते. तेच हे. इथे तोंडाने ओढायचं काम खालची ओळ करते.

जुना नळवाला (सोमवार, सकाळी ६.०५)

भाऊ, मी २६ वर्स गावात पानी सोडलं. तुमी लिहिलं ते सोळा आने खरं हाये. पन खड्डे हे अर्धंच झालं. बाकीचं मी सांगतो, नीट वाचा.

पयलं, टिल्लू. पानी सुटलं का दहा घरचे टिल्लू पंप डायरेक्ट नळाले लागते. मले तर व्हॉल्ववर हात ठेवला तरी समजे, पाईप थरथरते. टिल्लू काही टाकीतून पानी वाढवून आनत नाई, तो शेजाऱ्याच्या पाईपातलं ओढते. शेजाऱ्याकडे धार तुटते, अन् त्याच्या लाईनीत जिथं सांधा ढिला असन तिथून नालीचं पानी आत येते. पानी चालू असताना बी येते. म्हंजे फक्त बंद झाल्यावरच होते असं समजू नका.

दुसरं, एअर व्हॉल्व. चढावर लाईनीतली हवा निघाव म्हून तो बसवते. त्याचं कामच हाये का लाईन रिकामी होताना हवा आत घ्याची. तुमच्या गावातला जाऊन पाहा कुठं हाये तो. आमच्या गावात खड्ड्यात होता अन् बरसातीत खड्डा नालीच्या पान्यानं तुडुंब. हवेच्या जागी नाली पेत होता तो. मी दोन वर्स सांगून सांगून पाईप लावून त्याले जमिनीच्या हातभर वर घेतला, तोंड खाली वाकवलं, जाळी लावली.

तिसरं, घरचे कनेक्शन नालीतून जाते. जीआय पाईप नालीच्या पान्यात पाच-सात वर्सात सडते. वरून दिसत नाई, हात फिरवला का पापुद्रा निघते.

अन् व्हॉल्व बंद करनाऱ्याले सांगा, एकदम आवळू नोको. हळूहळू बंद करा लागते. एकदम आवळला का लाईनीले झटका बसते अन् ओढ जास्त लागते.

पैनगंगेकाठी (सोमवार, सकाळी ७.२०)

काका, एअर व्हॉल्वचं डोक्यातच आलं नव्हतं. आमचा शाळेच्या वळणावर आहे, झाकण लावलेल्या चेंबरमध्ये. आजच उघडून पाहतो.

निवृत्त शाखा अभियंता (सोमवार, दुपारी १.५०)

नळवाल्या भाऊंनी जे सांगितलं ते पुस्तकातही असंच आहे. उलटा प्रवाह दोन तऱ्हांनी होतो. एक ओढून: लाईनीतला दाब पडतो आणि बाहेरचं आत येतं. दुसरा ढकलून: घरातल्या बोअरचा किंवा वरच्या टाकीचा दाब लाईनीपेक्षा जास्त होतो आणि घरचं पाणी गावाच्या लाईनीत शिरतं. खड्डा पहिल्यातला. ज्या घरात बोअरची आणि ग्रामपंचायतीची लाईन एकमेकीला जोडली आहे, ते दुसऱ्यातलं. तुमच्या गावात तशी घरं आहेत का तेही पाहा. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या बऱ्याच बोअरना फ्लोराईड आहे, तेही याच वाटेने सगळ्या गावाच्या नळात येऊ शकतं.

एनआरव्हीबद्दल विचारलंत. बसवू नका असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या भरवशावर खड्डा ठेवू नका. आपल्या पाण्याला क्षार आहेत. अर्ध्या इंचाच्या एनआरव्हीची झडप दोन वर्षांत क्षार धरते, किंवा वाळूचा एक खडा अडकून उघडीच राहते. बिघडली हे कोणालाच कळत नाही, कारण पाणी तर येतच राहतं. साडेतीनशे घरांच्या झडपा दरवर्षी उघडून कोण तपासणार?

न बिघडणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हवा. नळाचं तोंड आणि खालच्या भांड्याची कड यांच्यात मोकळं अंतर ठेवा. नियम असा की ते पाईपच्या व्यासाच्या दुप्पट हवं आणि कितीही झालं तरी इंचापेक्षा कमी नको. अंतर पाण्याच्या पातळीपासून मोजायचं नाही, टाकीच्या काठापासून मोजायचं. टाकी भरून वाहिली तरी तोंड बुडता कामा नये. गावात सांगताना मी चार बोटं सांगत असे.

टीसीएल वाढवून हा प्रश्न सुटत नाही. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं चढून वजिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं. केंद्रावर क्लोरीन आणि तुरटी वाढवली होती. तरी २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती हे पुढे ठेवलेल्या नमुन्यांवरून समजलं. तिथे निदान घाण शुद्धीकरणाच्या आधी शिरली होती. तुमच्याकडे ती शुद्धीकरणाच्या नंतर शिरते आहे.

तपासणीताई (सोमवार, रात्री ८.३०)

मी आमच्या गावात किटने पाणी तपासणाऱ्या पाच बायांपैकी एक आहे. दोन गोष्टी सांगते.

शेवटच्या घरच्या नळाला क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम सापडायला हवं. ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो टीसीएल टाकलं आणि तरीही शेवटच्या नळाला ओटीचा रंग येत नसेल, तर कुठेतरी घाण ते क्लोरीन खाऊन टाकते आहे. नुसता डोस वाढवू नका, कोणत्या वळणानंतर रंग गेला ते घरोघर पाहत चला. आम्हाला एक सडका सांधा असाच सापडला.

आणि नमुना पहिल्या पाण्याचा घ्या. शिकवताना सांगतात की नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, तोटी पुसा, मग बाटली भरा. विहीर आणि टाकी कशी आहे हे पाहायला ते बरोबर. पण लाईनीत उलटं काय शिरलं हे पाहायचं असेल तर ते पहिल्या धारेतच असतं, दोन मिनिटांत निघून जातं. माझ्या मते कितीतरी गावांच्या बाटल्या याच कारणाने साफ निघतात. मी आता प्रत्येक ओळीतून दोन भरते, एक पहिल्या धारेची आणि एक नंतरची, आणि वहीत वेगळ्या लिहिते.

तोवर खालच्या ओळीतल्या बायांना सांगा, पहिल्या पाच मिनिटांचं पाणी पिण्याच्या हंड्यात घेऊ नका. ते अंगण सारवायला, ढोरं धुवायला ठेवा. आणि लेकरांसाठी उकळा.

खारपाणपट्टा (मंगळवार, सकाळी ११.१०)

अभियंता साहेबांनी ढकलून येणाऱ्या पाण्याचं लिहिलं, ते आमच्या गावात झालं. पूर्णेच्या काठी अकोला, अमरावती, बुलढाण्याचा हा पट्टा, आमचं जमिनीतलं पाणी खारं. नळाला दूर धरणाचं गोडं पाणी येतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत चहा फाटायला लागला. दूधवाल्याशी भांडणं झाली. मग आजीने नळाचं पाणी चाखलं आणि म्हणाली, हे विहिरीचं आहे. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मागवला. गावाच्या टाकीशी आकडा तीनशेच्या आत, आमच्या गल्लीत हजाराच्या वर, आणि एका घराकडे जावं तसा वाढत जाणारा. त्या घरात बोअर आणि नळ एका टी-ला जोडले होते, मधे एक बॉल व्हॉल्व. नळाला पाणी आलं की इकडे, गेलं की बोअर. व्हॉल्वचं सील झिजलं होतं. बोअरचा पंप लागला की खारं पाणी गल्लीच्या लाईनीत. त्या घरच्या माणसाला स्वतःला काहीच ठाऊक नव्हतं आणि कळल्यावर तो फार ओशाळला.

आम्हाला मिठाने सांगितलं. जिथे बोअरचं पाणी गोडं आहे तिथे हे कोण सांगणार? आणि बोअर संडासच्या शोषखड्ड्याजवळ असेल तर?

निवृत्त शाखा अभियंता (मंगळवार, दुपारी २.२५)

फार मोलाचा अनुभव लिहिलात. व्हॉल्व लावला म्हणजे लाईन वेगळी झाली असं होत नाही. फिनलंडमध्ये नोकिया नावाचं शहर आहे. तिथे २००७ च्या नोव्हेंबरमध्ये सांडपाणी केंद्रात पिण्याच्या आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या लाईनी एका व्हॉल्वने जोडलेल्या होत्या. तो उघडला गेला आणि आठ हजारांहून जास्त लोक आजारी पडले. तिथे पैसा, यंत्रणा, शिकलेली माणसं, सगळं होतं. जोड तेवढा होता. दोन पाण्यांच्या लाईनींमध्ये व्हॉल्व नको, तुटलेली जागा हवी. मधला तुकडा कापून काढा आणि दोन्ही तोंडांना एंड कॅप लावा.

पऱ्हाटी (मंगळवार, रात्री ९.५०)

हा धागा वाचून झोप उडाली. आम्ही फवारणीचा ड्रम घरूनच भरून नेतो. नळाला नळी, नळीचं टोक ड्रमात तळापर्यंत, म्हणजे फेस कमी येतो. औषध आधी ओतलेलं असतं. पाणी मधेच गेलं तर नळी तशीच राहते. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, तेव्हापासून मी मास्क आणि हातमोज्याशिवाय पंप उचलत नाही. पण त्याच औषधाचं पाणी नळीतून गावाच्या लाईनीत जाऊ शकतं हे कधी मनात आलं नाही. उद्यापासून आधी बादलीने पाणी, औषध वावरात गेल्यावर. ढोरांच्या हौदातली नळीही आज काढून वर बांधली.

टेकाडावरची (बुधवार, दुपारी ३.१५)

सगळे शहाणपणाचं लिहितात, आता आमचंही ऐका. मी अशाच एका गावात वरच्या ओळीत राहते. माझा खड्डा चार फूट खोल आहे आणि तो मी हौसेने खोदला नाही. खांबावरच्या नळाला थेंब येत नव्हता. कागदावर माणशी रोज ५५ लिटर आहे, मला खड्ड्यात उतरून, मानेवर हंडा घेऊन, दोन दिवसांचे सहा हंडे मिळतात. सातव्या महिन्यात माझी सून त्या पायऱ्यांवरून घसरली होती. तुम्ही खड्डा बुजवा म्हणता. मग पाणी कुठून आणू? आधी खालच्यांचे टिल्लू काढा आणि मग माझ्या अंगणात या.

पैनगंगेकाठी (बुधवार, रात्री ९.०५)

ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि आमच्याकडेही नेमकं हेच झालं. मी खड्ड्यांची यादी घेऊन वरच्या ओळीत गेलो तेव्हा बायांनी मला हेच सुनावलं. क्रम चुकला होता माझा. तुम्ही म्हणता तसं आधी खालून सुरुवात करतो.

जुना नळवाला (गुरुवार, सकाळी ५.५०)

बाई खरं बोलून राहिली. वरच्या ओळीले वायलं पानी सोडा. मधात एक व्हॉल्व टाकला का झालं, आधी वरची ओळ अर्धा घंटा, मंग खालची. खालचा व्हॉल्व बंद असते तवा वर धार येतेच. अन् वरची ओळ बंद करताना खालचा उघडू नोका लगेच, थोडं थांबा, नाईतर वरचं सारं ओढून घेते.

टिल्लू ज्याले लागते त्याले लागू द्या, पन डायरेक्ट नळाले नाई. जमिनीत लहान टाकी करा, नळ तिच्यात वरून पडू द्या, अन् टिल्लू त्या टाकीतून ओढा. शेजाऱ्याचं जात नाई, नालीचं येत नाई.

पैनगंगेकाठी (पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८.४५)

काय झालं ते लिहितो.

शाळेच्या वळणावरचं चेंबर उघडलं. एअर व्हॉल्व बुडालेला होता आणि पाण्यावर साबणाचा फेस होता. शेजारच्या मोरीचं पाणी विटांच्या फटीतून येत होतं. उपसलं, मोरी वळवली, काकांनी सांगितल्याप्रमाणे पाईप लावून तोंड जमिनीच्या वर घेतलं.

टिल्लूसाठी ग्रामसभेत ठराव घेतला. पाणी सुटतं त्या तासात खालच्या ओळीची वीज बंद ठेवा असंही कोणी म्हणालं, पण दवाखान्याचं फ्रीज त्याच लाईनीवर आहे, म्हणून ते सोडलं. घरोघर फिरलो, सोबत त्या चार वर्षांच्या पोराचा बाप होता. पहिल्या फेरीत चौदापैकी अकरा पंप नळावरून निघाले. त्याला फार काही बोलावं लागलं नाही.

मधे व्हॉल्व टाकून वरची ओळ वेगळी केली. पहिल्या दिवशी वरच्या ओळीत गुडघाभर उंचीवर धार आली. ती पाहून लोकांनी आपणहून खड्ड्यात मुरूम टाकायला सुरुवात केली. एकोणचाळीसपैकी एकतीस बुजले, नळ जमिनीच्या दीड फूट वर आले, तोट्या लागल्या. बोअर जोडलेली दोन घरं सापडली, दोन्हीकडचा तुकडा कापून एंड कॅप लावले.

तपासणीताईंच्या पद्धतीने बाटल्या भरल्या. खालच्या ओळीत पहिल्या धारेच्या चार बाटल्यांपैकी तीन साफ राहिल्या. एक काळी झाली, पण पहिल्यासारखी एका दिवसात नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ती शेवटून तिसऱ्या घराची. तिथे कनेक्शन नालीतून गेलं आहे. उद्या तो पाईप उचलायचा आहे.

टेकाडाच्या अगदी टोकाला दोन घरं आहेत, तिथे वेगळं पाणी सोडूनही धार वर चढत नाही. एका घरात एक म्हातारी आई एकटी राहते. तिच्यासाठी पाचशे लिटरची टाकी जमिनीत बसवली. कड वीतभर वर ठेवली, म्हणजे बरसातीचं पाणी शिरणार नाही, आणि नळ वरून पडेल असा घेतला. त्यासाठी थोडा उतार शोधून टाकी अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात न्यावी लागली. गवंड्याने तोंड अगदी कडेला टेकवलं होतं. आईने आपली चार बोटं मधे घालून पाहिली, बसेनात, आणि तिने त्याला पाईप पुन्हा कापायला लावला.